खात्यावर ‘बिझनेस’ लिहिले आहे, म्हणजे नेमके काय?

समजा, तुमची दोन लाखांची मुदत ठेव पुढच्या आठवड्यात पूर्ण होते आहे. पुन्हा ठेवावी की दुसरीकडे काही पाहावे, असा विचार चालू आहे. अशात व्हॉट्सॲपवर एक निरोप येतो. नाव एखाद्या नामांकित ब्रोकिंग कंपनीचे वाटावे असे. त्याच कंपनीचे गोल चिन्ह. नावावर बोट ठेवले की खाली ‘बिझनेस अकाउंट’ असे शब्द, मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलाचा पत्ता, सोमवार ते शनिवार कामाची वेळ, संकेतस्थळाचा दुवा. निरोपाची भाषा अदबीची: ‘आपली आमच्या खास गुंतवणूकदार गटासाठी निवड झाली आहे.’

बहुतेक जण इथे मनाशी म्हणतात की हे कुणा भुरट्याचे खाते नाही, हे कार्यालय दिसते. पैसे जातात ते पुढे केव्हातरी, पण विश्वास बसतो तो इथे. म्हणून आधी एवढेच पाहू, की पडद्यावरच्या या पाच-सहा गोष्टी कुणी लिहिल्या आणि कुणी तपासल्या.

उत्तर सरळ आहे. त्या सगळ्या खातेदाराने स्वतः लिहिल्या आणि बहुधा कुणीही तपासल्या नाहीत.

प्रकार, खूण आणि परवाना

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले. ते फुकट आहे. चालू मोबाइल क्रमांक असेल तर कुणालाही उतरवून घेता येते आणि दहा मिनिटांत ‘बिझनेस अकाउंट’ तयार होते. दुकानाचे नाव, व्यवसायाचा प्रकार, पत्ता, वेळ, मालाची यादी असे सारे आपण भरायचे असते. ॲप दुकानाचा परवाना मागत नाही, पॅन मागत नाही आणि पत्त्यावर कुणी येऊनही पाहत नाही. हा ॲपचा दोष म्हणता येणार नाही. घरगुती लोणची विकणाऱ्या बाईला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सोपे पडावे, म्हणूनच ते असे बनवले आहे. पण जे दार त्यांच्यासाठी उघडे आहे, ते सर्वांसाठीच उघडे आहे.

इन्स्टाग्रामचेही तसेच. तिथे खात्याचे मुख्य दोन प्रकार: वैयक्तिक आणि व्यावसायिक. व्यावसायिकात पुन्हा ‘क्रिएटर’ आणि ‘बिझनेस’. सेटिंगमध्ये जाऊन कुणीही प्रकार बदलू शकतो, त्याला शुल्क नाही. नावाखाली ‘फायनान्शियल सर्व्हिस’ किंवा ‘इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर’ असे जे दिसते, तेही यादीतून त्याने स्वतःच निवडलेले असते. फेसबुकवर व्यक्तीचे ‘प्रोफाइल’ असते आणि व्यवसायाचे ‘पेज’. प्रोफाइलला ५,००० मित्रांची मर्यादा आहे, पेजच्या अनुयायांना तशी मर्यादा नाही. पेज काढायलाही कागदपत्र लागत नाही.

म्हणजे खात्याचा प्रकार खातेदार स्वतः ठरवतो. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी खुणेची. नावापुढे निळी टिक असते ती. पूर्वी ही टिक ठरावीक लोकांना आणि संस्थांनाच मिळे, त्यामुळे ‘टिक आहे म्हणजे खरा’ हे गणित आपल्या डोक्यात पक्के बसले. ते आता जुने झाले. ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, नोव्हेंबर २०२२ मध्ये महिना आठ डॉलरला निळी टिक देऊ केली. काही दिवसांतच अमेरिकेतल्या एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कुणीतरी खाते उघडले, टिक विकत घेतली आणि ‘इन्सुलिन आता मोफत’ असे जाहीर करून टाकले. खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. एक्सवर आता निळी टिक वर्गणीदारांची, सोनेरी संस्थांची आणि करडी सरकारी खात्यांची, अशी विभागणी आहे.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर भारतात जून २०२३ पासून ‘मेटा व्हेरिफाइड’ची वर्गणी भरून निळी टिक मिळवता येते. त्यासाठी सरकारी ओळखपत्र पाहिले जाते. व्हॉट्सॲपवर कंपन्यांच्या नावापुढची टिक पूर्वी हिरवी असे, आता ती निळी आहे. ओळखपत्र तपासले जाते, त्यामुळे टिकेला काहीच अर्थ नाही असे नव्हे. मात्र तिचा अर्थ इतकाच, की हे खाते ज्या नावाचे आहे त्याच माणसाचे किंवा संस्थेचे आहे. तो माणूस शहाणा आहे की नाही, त्याला लोकांचे पैसे घेण्याचा अधिकार आहे की नाही, हे टिक सांगत नाही. स्वतःच्या खऱ्या नावाने, खऱ्या ओळखपत्रावर टिक घेऊन चुकीचा सल्ला देणारे पुष्कळ आहेत.

तिसरी पायरी परवान्याची. तुमच्या पैशाच्या दृष्टीने खरी ही एकच, आणि ती समाजमाध्यमावर मिळत नाही. गुंतवणुकीचा सल्ला, शेअरची शिफारस आणि शेअर दलाली यांची नोंदणी सेबी करते. बँका आणि कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे, विमा कंपन्या आयआरडीएआयकडे आणि म्युच्युअल फंडाचे वितरक ॲम्फीकडे नोंदलेले असतात. ही नोंद त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते.

नोंदणी क्रमांक लिहिला असेल तर?

हल्ली फसवणारेही नोंदणी क्रमांक लिहितात, त्यामुळे इथे थोडे थांबायला हवे. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने आणि शेअर दलालाचा ‘आयएनझेड’ने. म्युच्युअल फंड वितरकाला ‘एआरएन’ क्रमांक असतो. एखाद्याने ‘आयएनएच’चा क्रमांक दाखवून ‘तुमचे पैसे आम्ही सांभाळतो’ असे म्हटले, तर क्रमांक खरा असूनही बोलणे खोटे आहे. विश्लेषकाला शिफारस करण्याची परवानगी असते, तुमची रक्कम स्वतःकडे घेण्याची नव्हे.

दुसरी युक्ती याहून सोपी आहे. भलत्याच प्रामाणिक सल्लागाराचा खरा क्रमांक उचलायचा आणि आपल्या खात्यावर चिकटवायचा. तुम्ही सेबीच्या संकेतस्थळावर तो शोधता, तो सापडतो आणि तुमचे समाधान होते. म्हणून क्रमांक सापडला की तिथेच थांबू नका. त्या नोंदीत नाव, पत्ता, ईमेल आणि दूरध्वनी दिलेला असतो. निरोपातल्या नव्हे, त्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करा आणि विचारा: ‘व्हॉट्सॲपवर या नंबरवरून मला निरोप आला आहे, तो तुमचाच का?’ दोन मिनिटांचे काम आहे, आणि या पाठातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

नोंदणी असो वा नसो, ठरावीक परताव्याची हमी शेअर बाजारात कुणालाच देता येत नाही. नोंदलेल्या सल्लागारालाही नाही. हमीचा आकडा दिसला तर कागद घेऊन गुणाकार करा. आठवड्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण तेच व्याज दर आठवड्याला मुद्दलात मिळत गेले तर ५० हजारांचे वर्षभरात सुमारे २ लाख ३२ हजार होतात. असा धंदा खरोखर हाती असलेला माणूस तुमच्या ५० हजारांसाठी अदबीचे निरोप कशाला पाठवील?

प्रसिद्ध चेहराही पुरावा मानू नका. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तेव्हाच्या गव्हर्नरांच्या बनावट चित्रफितींबद्दल लोकांना सावध केले होते. चेहरा आणि आवाज त्यांचे, शब्द भलत्याचे.

खात्याचे वय आणि जुने नाव

खाते काय सांगते ते पाहिले. आता खात्याविषयी काय कळू शकते ते पाहू. हे कमी लोकांना ठाऊक असते.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा. बहुतेक सार्वजनिक खात्यांवर ‘अबाउट धिस अकाउंट’ असा पर्याय येतो. खाते कोणत्या महिन्यात उघडले आणि कोणत्या देशातून चालते, हे तिथे दिसते. नाव कितीदा बदलले, तेही काही खात्यांवर कळते. फेसबुकच्या पेजवर ‘पेज ट्रान्स्परन्सी’ या ठिकाणी पेज उघडल्याची तारीख, आधीची नावे आणि पेज चालवणारे कोणत्या देशात आहेत ही माहिती मिळते. दोन लाख अनुयायी असलेले ‘गुंतवणूक मार्गदर्शन’ पेज कालपरवापर्यंत विनोदी चित्रफितींचे किंवा भजनांचे असल्याचे तिथे उघड होऊ शकते. अनुयायांसकट जुनी पेजेस विकली जातात. अनुयायी विकतही मिळतात. तेव्हा त्या मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नका.

आणखी एक गंमत. इन्स्टाग्रामचे व्यावसायिक खाते ‘प्रायव्हेट’ करता येत नाही, तो त्यांचा नियमच आहे. त्यामुळे स्वतःला कंपनी म्हणवणारे खाते पाहण्यासाठी आधी विनंती पाठवावी लागत असेल, तर ते वैयक्तिक खाते आहे हे नक्की. ‘खास लोकांसाठी’ म्हणून दार बंद ठेवणारी वित्तसंस्था हे विचित्रच.

व्हॉट्सॲपवर निदान क्रमांकाचे पहिले अंक पाहा. भारतातला क्रमांक ९१ने सुरू होतो. वांद्रे-कुर्ला संकुलातली कंपनी भलत्याच देशाच्या क्रमांकावरून का बोलेल? मात्र ९१ असणे हा पुरावा नव्हे. सिमकार्डे भाड्याने आणि दुसऱ्याच्या नावावरही मिळतात.

गटात कुणीही ओढू नये यासाठी सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स असे जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. अनोळखी माणसाने गटात घातले, की आत शंभर जण ‘आजही नफा झाला’ म्हणून आभार मानताना दिसतात. त्यांतले कितीतरी जण एकाच टोळीचे असतात.

बँकेकडे तक्रार, उत्तर भलत्याचे

एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. तुम्ही चिडून एक्सवर किंवा फेसबुकवर बँकेचे नाव घेऊन लिहिता. काही मिनिटांत उत्तर येते: ‘झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, आपला क्रमांक खासगी निरोपात पाठवा.’ चिन्ह बँकेचे, नावही बँकेचे. फक्त नावाच्या शेवटी एक रेघ किंवा ‘हेल्प’ असा शब्द जास्त. खरी बँक उत्तर देईपर्यंत तोतया तुमच्या फोनवर पोचलेला असतो. समाजमाध्यमावर जाहीर तक्रार करू नये असे नाही. पण त्या तक्रारीला आलेले उत्तर कोणत्या खात्याचे आहे, हे बँकेच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्याने पडताळून घ्या. पिन, ओटीपी किंवा स्क्रीन दाखवणारे ॲप मागितले, तर पडताळण्याचीही गरज नाही. फोन ठेवून द्या.

संकेतस्थळ खरे कोणते, हे ओळखणे आता सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

खऱ्या बँकेच्या खऱ्या व्यावसायिक खात्याशी बोलतानाही एक लक्षात असू द्या. दोन माणसांच्या वैयक्तिक गप्पांसारखे हे नसते. पलीकडे अनेक कर्मचारी, कधी बँकेने नेमलेली दुसरी कंपनी, तुमचे निरोप पाहू शकते. विचारले नसताना आधार, पॅन किंवा धनादेशाचे फोटो तिथे टाकण्याचे कारण नाही.

पैसे कुणाच्या नावावर चालले आहेत?

वरचे सगळे विसरलात तरी शेवटी एक पडदा येतोच, पैसे पाठवण्याचा. समाजमाध्यमावरचे खाते आणि बँकेतले खाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर हवे ते नाव लावता येते, दुसऱ्यावर सहसा नाही. यूपीआयने पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. घाईत आपण रकमेकडे पाहतो. नावाकडे पाहा. कंपनीला पैसे देत असताना तिथे एखाद्या व्यक्तीचे किंवा कापड दुकानाचे नाव येत असेल, तर थांबा. ‘आमच्या अकाउंटंटचे खाते आहे’, ‘कर वाचवण्यासाठी वेगळे खाते आहे’ ही उत्तरे ठरलेली असतात. दर वेळी नवीन खाते क्रमांक दिला जात असेल, तर आणखी विचार करण्यासारखे काही उरत नाही.

शेअर दलाल आणि म्युच्युअल फंड यांच्यासाठी सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून वेगळी यूपीआय ओळख आणली आहे. तिच्यात ‘ॲट’च्या चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि पुढे बँकेचे नाव असते. त्याआधी दलालासाठी ‘बीआरके’ आणि म्युच्युअल फंडासाठी ‘एमएफ’ ही अक्षरे येतात. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. ‘सेबी चेक’ या सोयीवर अशी यूपीआय ओळख किंवा बँक खाते क्रमांक टाकून तो खरा आहे का, हेही पाहता येते. तुम्ही दुसऱ्या मार्गानेही पैसे भरू शकता, पण अनोळखी दलालाला पहिल्यांदा देताना हाच मार्ग मागा. तो देता येत नसेल, तर कारण उघड आहे.

आणि सल्लागाराला द्यायचे ते फक्त त्याचे शुल्क. गुंतवणुकीची रक्कम त्याच्या खात्यात कधीच जात नाही.

काही जण इथपर्यंत फसून पुढे आलेले असतात. ॲपवर दोन लाखांचे पाच लाख दिसतात, पण काढायला गेले की ‘आधी कर भरा’ असे सांगतात. नफ्यावरचा कर सरकारकडे भरायचा असतो, ॲपवाल्याकडे नाही. तो पाच लाखांचा आकडा फक्त पडद्यावर आहे. त्यासाठी आणखी एक रुपयाही घालू नका.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा क्रमांक लावा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात. ते बाहेर काढले जाण्याआधी कळवले, तर मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. लाजेपायी घरात दोन दिवस न सांगणे इथे महागात पडते. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर करता येते.

वस्तू घेताना, आणि आपले स्वतःचे दुकान असेल तर

साडी, मसाले, दिवाळीचा फराळ यांसाठी इतकी चौकशी लागत नाही. गल्लीतल्या काकू वैयक्तिक व्हॉट्सॲपवरूनच चकल्या विकतात. त्यांचे घर तुम्हाला ठाऊक आहे, आणि ही ओळख कोणत्याही टिकेपेक्षा पक्की. लांबच्या विक्रेत्याने जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंद चालू आहे का, हे कळते. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, कर्नाटक २९, गोवा ३०, तेलंगणा ३६. बडोद्याचे दुकान म्हणून सांगतात आणि क्रमांक ०७ने, म्हणजे दिल्लीचा, सुरू होतो, तर विचारायला हरकत नाही. लहान विक्रेत्याकडे जीएसटी क्रमांक नसणे हा मात्र गुन्हा नाही. ठरावीक उलाढालीपर्यंत तो घ्यावाच लागत नाही. माल आला नाही किंवा भलताच आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तुमचेच शिवणकाम, खानावळ किंवा शिकवणी असेल, तर वैयक्तिक आणि व्यवसायाचे खाते वेगळे ठेवा. एकच क्रमांक साध्या व्हॉट्सॲपवर आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर एका वेळी चालत नाही, त्यामुळे दुसरे सिम लागेल. तेवढा खर्च करण्यासारखा आहे. नातवाचे फोटो ग्राहकांना दिसत नाहीत आणि ग्राहकांचे पत्ते घरच्या मोबाइलभर पसरत नाहीत. बँकेतही धंद्याची आवक बचत खात्यात घेण्यापेक्षा चालू खाते आणि त्याला जोडलेला व्यापारी क्यूआर घ्या. पैसे देणाऱ्याला मग पडद्यावर दुकानाचेच नाव दिसते, आणि वर्षअखेरीस हिशेब लावताना घरखर्च निवडत बसावा लागत नाही.

दोन्ही व्हॉट्सॲप खात्यांना ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा अंकी पिन लावा. एसएमएसने आलेला सहा अंकी कोड कुणी ‘चुकून तुमच्याकडे आला’ म्हणून मागितला, तर देऊ नका. तो दिला की खाते त्याच्या हातात जाते, आणि तुमच्या नावाने तुमच्याच ग्राहकांकडे पैसे मागितले जातात. तसे घडलेच तर पहिल्या तासातच ओळखीच्यांना फोनवर किंवा एसएमएसने सांगा, दुकानाबाहेर पाटी लावा, आणि त्याच क्रमांकाने व्हॉट्सॲपवर पुन्हा नोंदणी करा. एसएमएसचा नवा कोड टाकताच दुसऱ्याच्या मोबाइलवरचे तुमचे खाते बंद होते. मधल्या काळात त्याने स्वतःचा पिन लावला असेल, तर तो काढून टाकण्यासाठी सात दिवस थांबावे लागते.